हंगामातला एक आठवडा : कौनास, बेलग्रेड, बादालोना

सोमवार

हंगामात वारांना फारसा अर्थ उरत नाही. सामन्याचा आदला दिवस, सामन्याचा दिवस आणि त्यानंतरचा दिवस, असे तीनच वार आम्हाला ठाऊक असतात. ज्या आठवड्यात युरोलीगचे, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या बास्केटबॉल लीगचे, दोन सामने येतात, त्या आठवड्यात त्यातलाही एक गळतो, कारण एका सामन्यानंतरचा दिवस हाच पुढच्या सामन्याचा आदला दिवस असतो. 2025-26 पासून युरोलीगमध्ये 20 संघ झाले. प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर, म्हणजे नुसत्या साखळी फेरीतच 38 सामने. शिवाय आमचा क्लब स्पेनमधला, म्हणून तिथल्या लीगचे 34. चषक आणि बाद फेऱ्या वेगळ्याच.

या आठवड्यात मंगळवारी लिथुआनियातलं कौनास, गुरुवारी सर्बियातलं बेलग्रेड आणि रविवारी दुपारी बार्सिलोनाजवळचं बादालोना. तिन्ही सामने बाहेर. मी राखीव पॉइंट गार्ड आहे, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणारा. दहा-बारा मिनिटं मिळतात, कधी कमी, आणि त्या मिनिटांसाठी पूर्ण आठवडा आखलेला असतो.

उठल्याउठल्या मोबाइलवर क्लबचा फॉर्म भरायचा. झोप कशी झाली, पाय किती दुखतायत, थकवा किती, मन कसं आहे. एक ते पाच आकडे. नवी मुलं सगळीकडे पाच टाकतात, कारण दुखतंय म्हटलं तर संघातून नाव जाईल अशी भीती असते. मी खरं लिहितो आणि त्यांनाही तेच सांगतो. पोटरी धरलीय हे सोमवारी कळलं तर फिजिओला काहीतरी करता येतं. गुरुवारी तिसऱ्या क्वार्टरमध्ये कळलं तर महिनाभर बाहेर बसावं लागतं.

सकाळी हलका सराव, मग दोन विमानं बदलून व्हिल्नियस, तिथून बसने शंभर किलोमीटरवर कौनास. विमानात आपत्कालीन दाराजवळच्या जागा उंचीप्रमाणे वाटल्या जातात. दोन मीटर दहाच्या सेंटरला मधल्या खुर्चीत बसवणं म्हणजे दुसऱ्या दिवशीचा त्याचा सामना आजच घालवणं. माझी उंची साधारण, त्यामुळे मी कुठेही बसतो. हॉटेलवर पोचेपर्यंत रात्र झाली होती. पलंगांच्या पायथ्याशी जादा गाद्या जोडून ठेवल्या होत्या. बास्केटबॉलच्या गावी आल्याची ही पहिली खूण. इथल्या हॉटेलांना सांगावं लागत नाही.

मंगळवार, कौनास

सकाळी अकराला हॉलमध्ये शूटिंगचा सराव. नदीवरचा पूल ओलांडून बस नेमुनास बेटावर उतरते आणि समोर झालगिरिस या इथल्या क्लबाचा अरीना उभा असतो. 2011 मध्ये उघडलेला, पंधरा हजारांवर माणूस मावेल असा. सकाळी तो रिकामा असतो आणि रिकाम्या हॉलमध्ये चेंडूचा टप्पा मोठा ऐकू येतो. अर्धा तास प्रतिस्पर्ध्यांच्या चाली चालत-चालत करून बघायच्या, मग प्रत्येकाने आपापल्या जागांवरून शॉट मारायचे. मी कोपऱ्यातून सुरुवात करतो, कारण सामन्यात मला मिळालाच तर तिथूनच मोकळा शॉट मिळतो.

आमचा फिजिओ याच शहरातला. घोट्याला टेप गुंडाळताना त्याने झालगिरिसची गोष्ट सुरू केली. क्लबची स्थापना 1944 ची. नाव 1410 च्या लढाईवरून, ज्यात पोलिश आणि लिथुआनियन फौजांनी ट्यूटॉनिक सरदारांचा पराभव केला. सोव्हिएत काळात असं नाव लावून मॉस्कोच्या लष्करी क्लबाशी, म्हणजे सीएसकेएशी, खेळायचं. 1985, 1986, 1987 अशी लागोपाठ तीन वर्षं झालगिरिसने त्यांना मागे टाकून सोव्हिएत विजेतेपद जिंकलं. संघात आर्विदास साबोनिस, याच शहरात जन्मलेला. ‘‘त्या सामन्यांबद्दल बाबा आजही बोलायला लागले की उभे राहतात,’’ फिजिओ म्हणाला. टेपचं टोक दाताने तोडून त्याने दुसरा पाय पुढे करायला सांगितलं.

दुपारी झोप. दीड तास, पडदे बंद, मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला. या झोपेबद्दल मी हट्टी आहे. बाहेरच्या लोकांना हा आराम वाटतो, पण माझ्या लेखी तो सामन्याचाच भाग आहे. रात्री सामना संपल्यावर पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. जी झोप रात्री मिळणार नाही ती दुपारीच घेऊन ठेवायला हवी.

रात्रीचा हॉल निराळा. हिरवे-पांढरे स्कार्फ, त्यात आजोबा-आजी, शाळकरी मुली, कामावरून थेट आलेली माणसं. मला इथला प्रेक्षक सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो चेंडू रिंगमध्ये जायची वाट बघत नाही. कमकुवत बाजूला, म्हणजे चेंडूपासून लांबच्या बाजूला, मोकळा माणूस उभा आहे हे पंधरा हजार लोकांना एकाच वेळी दिसतं, आणि पास निघायच्या आधीच हॉलभर श्वास ओढल्याचा आवाज येतो. चांगला स्क्रीन लावला, म्हणजे सहकाऱ्यासाठी बचावपटूच्या वाटेत उभं राहिलं, किंवा हुकलेल्या शॉटच्या रिबाउंडसाठी अंगावर माणूस पेलून धरला, तरी टाळ्या. गुणफलकावर न दिसणारं काम बघणारे डोळे क्वचित भेटतात. माझी अर्धी कारकीर्द त्याच कामावर उभी असल्यामुळे मला हे फार मोलाचं वाटतं.

बेंचवर बसणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे. मी त्यांच्या गार्डचे पाय बघत असतो. स्क्रीन आला की तो खांदा कुठे टाकतो, दमल्यावर कुठल्या हाताने चेंडू जपतो. फळ्यावर त्यांचे संघ-फाउल किती झाले ते बघतो. चारच्या पुढे गेले की माझं काम बदलतं, मग शॉटपेक्षा आत घुसून फ्री थ्रो मिळवणं महत्त्वाचं. पहिल्या क्वार्टरच्या शेवटी कोचने खूण केली. उतरल्यावर पहिला स्पर्श बचावात करायचा, हा माझा जुना नियम. आधी छातीला छाती लागली पाहिजे. त्यानंतर हातातला चेंडूही हलका वाटतो.

आम्ही चार गुणांनी हरलो. शेवटच्या दोन मिनिटांत त्यांनी घाई केली नाही; प्रत्येक चालीला मिळणाऱ्या 24 सेकंदांतले वीस-बावीस वापरून प्रत्येक वेळी तोच चांगला शॉट शोधला. रात्री साडेअकराला जेवण, मग बर्फाच्या पाण्यात पाय. तीन वाजेपर्यंत जागा होतो.

बुधवार

हंगामातल्या प्रवासाबद्दल दोन गोष्टी ऐकू येतात. बाहेरचे म्हणतात, तुम्हाला फुकटात जग बघायला मिळतं. खेळाडू म्हणतात, कसलं जग, विमानतळ-हॉटेल-हॉल-विमानतळ. मला दोन्ही पटत नाही. हॉल म्हणजे काही गावाबाहेरची जागा नव्हे. कौनास किंवा बेलग्रेडसारख्या ठिकाणी तर शहराचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास त्या लाकडी फरशीवर घडलेला आहे, आणि आम्ही त्याच फरशीवर उभे असतो. कोणाच्या फरशीवर उभे आहोत हे कळलं की हंगाम सोसवतो. नाहीतर प्रत्येक शहर सारखंच, प्रत्येक पराभव तेवढाच मोठा.

म्हणून आज नाश्त्याआधी फिजिओला घेऊन जुना स्पोर्ट्स हॉल बघायला गेलो. टेकडीवरच्या झालियाकाल्निस भागात, ओकच्या मोठ्या बागेजवळ. इंजिनियर अनातोलियुस रोझेनब्ल्युमास यांनी आखलेला, 1939 च्या युरोपीय स्पर्धेसाठी काही महिन्यांत बांधून काढलेला. मुद्दाम बास्केटबॉलसाठी बांधलेला युरोपातला पहिला हॉल म्हणून त्याचं नाव घेतात. कौनास तेव्हा लिथुआनियाची तात्पुरती राजधानी होती, आणि त्या वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींसाठी 2023 मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आत जायला वेळ नव्हता. बाहेरूनच भिंतीला हात लावून फेरी मारली.

1937 मध्ये रिगाला लिथुआनियाने युरोपीय विजेतेपद जिंकलं, म्हणून पुढची स्पर्धा इथे आली. 1939 च्या त्या संघात प्रानास लुबिनास होते. अमेरिकेत त्यांना फ्रँक लुबिन म्हणून ओळखत. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेच्या सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होते. तिथला अंतिम सामना उघड्यावर, पावसात भिजलेल्या टेनिस कोर्टवर झाला आणि 19-8 असा संपला. चेंडूचा टप्पाच पडत नव्हता. तिथून तीन वर्षांनी हा माणूस आईवडिलांच्या देशासाठी या छपराखाली खेळला. लिथुआनियाने विजेतेपद राखलं. मे 1939. पुढच्या वर्षी जूनमध्ये सोव्हिएत फौजा आल्या, आणि लिथुआनिया या नावाने ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल खेळायला 1992 साल उजाडावं लागलं.

मधल्या काळात इथली मुलं दुसऱ्याच्या जर्सीत खेळली. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्ण जिंकलं, त्यात साबोनिस, मार्चुल्योनिस, कुर्तिनाइतिस आणि खोमिचुस हे चार लिथुआनियन आघाडीवर होते. फिजिओला विचारलं, त्या सुवर्णाचं इथे काय वाटतं? तो बराच वेळ चालत राहिला. ‘‘ते चौघे आमचे होते,’’ एवढंच म्हणाला.

विमानात कालच्या सामन्याचे व्हिडिओ. बारा तुकडे, प्रत्येक खेळाडूला त्याचे वेगळे. उतरेपर्यंत बघून संपवायचे, आणि उतरल्यावर कौनासचा विषय काढायचा नाही, हा आमच्या कोचचा नियम. तो कठोर वाटेल, पण मी त्याच्या बाजूचा आहे. पराभव खांद्यावर घेऊन पुढच्या गावी गेलं तर त्याचं वजन तिथल्या संघालाच फायद्याचं.

गुरुवार, बेलग्रेड

आमचे सहायक कोच सर्बियन. बेलग्रेडला आले की त्यांची चाल बदलते, आवाज चढतो. सकाळच्या सरावानंतर त्यांनी आम्हा तिघा-चौघांना गाडीत घालून कालेमेगदान किल्ल्यावर नेलं, जिथून साव्हा नदी डॅन्यूबला मिळताना दिसते. ‘‘वीस मिनिटं. मग झोपायला,’’ त्यांनी घड्याळ दाखवलं.

त्या वीस मिनिटांत त्यांनी चार नावं सांगितली: नेबोयशा पोपोविच, बोरिस्लाव स्तांकोविच, रादोमिर शापेर आणि अलेक्सांदार निकोलिच. दुसऱ्या महायुद्धानंतर या चौघांनी मिळून युगोस्लाव्हियात बास्केटबॉल रुजवला. स्तांकोविच पुढे 1976 ते 2002 फिबाचे, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाचे, सरचिटणीस राहिले; व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिकचं दार उघडलं ते त्यांच्याच काळात. निकोलिच प्रशिक्षक झाले, वारेसे या इटालियन क्लबाला त्यांनी तीन युरोपीय चषक जिंकून दिले, आणि इथला जुना पायोनियर हॉल आता त्यांच्या नावाने ओळखला जातो. कोच त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणतात. या शहरात सगळेच म्हणतात. याच शहराच्या ओकेके बेलग्रेडच्या रादिवोय कोराचने 1965 मध्ये एका युरोपीय सामन्यात एकट्याने 99 गुण केले होते. चार वर्षांनी तो मोटार अपघातात गेला.

रात्रीचा सामना पार्टिझान या इथल्या क्लबाशी, नदीपलीकडच्या नव्या बेलग्रेडमधल्या मोठ्या अरीनात. कौनासचा प्रेक्षक खेळ वाचतो, बेलग्रेडचा प्रेक्षक खेळतो. इथे गाणी थांबत नाहीत, आणि पाहुण्यांच्या हाती चेंडू आला की शिट्ट्या. हजारो शिट्ट्या एकत्र झाल्या की तो आवाज कानात न राहता दातांत जाणवतो. हाका मारून काही उपयोग नसतो. आम्ही सगळे इशारे हातांनी ठरवले होते: मूठ म्हणजे साइड पिक अँड रोल ही चाल, उघडा पंजा म्हणजे हॉर्न्स ही दुसरी.

तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी मला दोन फ्री थ्रो मिळाले. लोक विचारतात, इतक्या गोंगाटात एकाग्र कसं होता? गोंगाटाशी भांडायचं नाही. मी चेंडूची शिवण बोटांखाली फिरवतो, तीन टप्पे, गुडघे वाकवायचे, श्वास सोडायचा, मग हात. माझं लक्ष त्या श्वासाकडे असतं, रिंगकडे सगळ्यात शेवटी. दोन्ही आत गेले. दुसऱ्यानंतर शिट्ट्या क्षणभर थांबल्या आणि लगेच गाणं सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्याने.

या क्लबाचं 1992 सालचं युरोपीय विजेतेपद माझ्या मते युरोपीय बास्केटबॉलमधली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. युगोस्लाव्हियात युद्ध पेटलं होतं, म्हणून पार्टिझानला एक सोडून सगळे घरचे सामने माद्रिदजवळच्या फुएन्लाब्राडाला खेळावे लागले. तिथल्या लोकांनी परक्या संघाला आपलं मानलं. प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच, वय 32, आदल्या वर्षापर्यंत स्वतःच खेळाडू. शेजारी सल्लागार म्हणून प्रोफेसर निकोलिच. इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात जुव्हेंतुत बादालोनाविरुद्ध शेवटचे काही सेकंद उरलेले, दोन गुणांनी मागे, आणि साशा जॉर्जेविचने कोर्टच्या एका टोकापासून चेंडू नेत धावताधावता तीन गुणांचा शॉट मारला. 71-70. पुढच्या हंगामात देशावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि विजेत्यांना आपलं पद राखायला उतरताच आलं नाही. 1995 मध्ये अथेन्सच्या युरोपीय स्पर्धेत युगोस्लाव्हियाचा संघ परतला, अंतिम सामन्यात समोर लिथुआनिया, तोही नव्याने परतलेला. जॉर्जेविचचे 41 गुण, 96-90.

घर नसताना घरच्यासारखं खेळणं म्हणजे काय, हे मी या गोष्टीतून शिकलो. करार वर्षाचा, फ्लॅट क्लबचा, गाडी क्लबची. जूनमध्ये कुठे असू ते ठाऊक नसतं. तरीही आज ज्या हॉलमध्ये आहे तिथे पूर्ण असायचं.

आम्ही जिंकलो. मला चौदा मिनिटं मिळाली.

शुक्रवार

परतीचा प्रवास. विमानात सगळे झोपले. संध्याकाळी तलावात पाऊण तास, पायांना दाबाच्या पिशव्या. बाकी काही नाही.

शनिवार

सकाळी बादालोनाचे व्हिडिओ, तासभर सराव, संध्याकाळी रेल्वेने बार्सिलोना. शेजारी आमचा एकोणीस वर्षांचा गार्ड बसला होता. दोन्ही युरोलीग सामन्यांत तो ट्रॅकसूटमध्येच होता. बारा जणांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. आधी गप्प होता, मग म्हणाला, ‘‘दादा, मी रोज तयारी करतो आणि रोज कपडे न बदलता परत येतो. माझं डोकं चालत नाही आता.’’

त्याने मला दादा म्हणणं मला आवडतं, आणि त्याच्या बोलण्यावर लगेच उत्तर द्यायची घाई मी केली नाही. जिथे चाललो होतो त्याच बादालोनाचा रिकी रुबियो 2005 मध्ये वयाच्या 14 व्या वर्षी स्पेनच्या लीगमध्ये उतरला. सगळ्यांना वाटलं या मुलाला सगळं मिळालं. त्याच रुबियोने 2023 मध्ये मानसिक आरोग्यासाठी खेळ थांबवतोय असं जाहीर केलं आणि 2024 च्या सुरुवातीला एनबीए ही अमेरिकेची लीग सोडल्याचं सांगितलं. माझ्या पिढीतल्या कित्येकांना त्या दिवशी मोकळं वाटलं. त्याच्याइतक्या मोठ्या खेळाडूने ते मोठ्याने म्हटल्यामुळे बाकीच्यांना निदान कुजबुजता आलं. मी त्या मुलाला एवढंच म्हणालो, की उद्या सकाळी फॉर्ममध्ये मनाच्या रकान्यात पाच टाकू नकोस. जे आहे ते टाक. आणि क्लबच्या मानसतज्ज्ञांना भेट, मी बरोबर येतो. त्याने मान हलवली. मग मी त्याला त्यांच्या गार्डची क्लिप दाखवली, कारण उद्याच्या यादीत त्याचं नाव होतं आणि ते मला ठाऊक होतं.

रविवार, बादालोना

दुपारी साडेबाराचा सामना. स्पेनमध्ये रविवारी असे सामने होतात आणि हॉल कुटुंबांनी भरतो. शरीराला ही वेळ अवघड जाते: सकाळी सातला भात आणि अंडी, आठला चालणं, दहाला टेपिंग.

जुव्हेंतुतचा हा हॉल 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकसाठी बांधला. जॉर्डन, मॅजिक, बर्ड यांचा अमेरिकन संघ याच फरशीवर खेळला, अंतिम सामन्यात क्रोएशियाला 117-85 ने हरवलं. पण आमच्या फिजिओला त्यांचं काही नव्हतं. त्याच दिवशी कांस्यपदकाचा सामना इथे झाला होता. लिथुआनिया विरुद्ध माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांचा एकत्रित संघ, 82-78. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या जर्सीत सुवर्ण घेतलेली माणसं स्वतःच्या देशाच्या नावाने कांस्य घेऊन रडली. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने पाठवलेले रंगीबेरंगी टीशर्ट घालून ते पदक घ्यायला उभे राहिले. सरावाआधी फिजिओने कोर्टाच्या मध्यभागी उभं राहून बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हातात धरून पूर्ण हॉल गोल फिरवून दाखवला.

जुव्हेंतुतचंही या आठवड्याशी नातं आहेच. 1992 ला ज्या शॉटने ते हरले, त्या संघाच्या प्रशिक्षकालाच त्यांनी पुढे आपल्याकडे आणलं. 1994 मध्ये ओब्रादोविच त्यांच्या बेंचवर होते आणि तेल अवीवला ऑलिंपियाकोसविरुद्ध 59-57 ने ते युरोपचे विजेते झाले. ज्याने आपल्याला हरवलं त्याच्याकडून शिकायची तयारी एका संपूर्ण क्लबने दाखवली. मला त्यांचा फार आदर वाटतो.

आमच्या मुलाला दुसऱ्या क्वार्टरमध्ये सहा मिनिटं मिळाली. पहिल्याच चालीत त्याने त्यांच्या गार्डच्या छातीला छाती लावली. बेंचवरून मी दोन्ही हात वर केले. एक तीन गुणांचा शॉट आत गेला, एक पास चुकला, परत येऊन बसला तेव्हा घामाने चिंब होता आणि सलग बोलत होता: तो डावीकडे गेला की चेंडू उंच ठेवतो, तुम्ही बघितलंत का, पुढच्या वेळी मी काढून घेतो. चौथ्या क्वार्टरमध्ये आमचे पाय संपले आणि आम्ही नऊ गुणांनी हरलो.

सामना संपून अर्धा तास झाला नव्हता, तर क्लबच्या अकादमीतली दहा-बारा वर्षांची मुलं आमच्याच बास्केटवर शूटिंग करत होती. बसमध्ये चढताना पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक मोबाइलवर आलं. मंगळवारी दहाला जिम, बुधवारी सराव, शुक्रवारी सामना, घरी. खाली प्रतिस्पर्ध्यांच्या क्लिप्स. तो मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला, एक इयरफोन मला दिला आणि पहिली क्लिप सुरू केली.